चित्रगुप्ताची वही आणि हयातीचा दाखला

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आमच्या घरी कणकेचा दिवा करतात आणि वात दक्षिणेकडे करून तो उंबऱ्याबाहेर ठेवतात. हा यमाचा दिवा. त्यानंतर येणाऱ्या भाऊबीजेचेही दुसरे नाव यमद्वितीया. ऐन सणासुदीत यमाची अशी दोनदा आठवण ठेवणाऱ्या आपल्या वाडवडिलांना मृत्यूची भीती होती. पण त्याच्या कारभाराबद्दल मात्र त्यांची तक्रार नव्हती. माणूस मेला की चित्रगुप्ताने वहीत नोंद करावी, हा तिथला नियम. जिवंत माणसाने दरसाल यमाच्या कचेरीत जाऊन "महाराज, मी अजून मेलेलो नाही" असे लिहून द्यावे, असे काही माझ्या ऐकिवात नाही. ही युक्ती यमाला सुचली नाही. आमच्या सरकारला सुचली.

दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोच पेन्शनरांचा नोव्हेंबर उजाडतो. या महिन्यात हयातीचा दाखला द्यावयाचा. न दिल्यास पेन्शन थांबते. मला ज्यांनी मराठी शिकवले ते गुरुजी अकोल्याच्या शाळेतून निवृत्त झाले आणि आता अमरावतीला लेकीकडे असतात. ऐंशी कधीच उलटली आहे. पेन्शनचे खाते मात्र अकोल्याच्या एका बँकेत.

सरकारने सोयी केल्या नाहीत असे मी म्हणणार नाही. २०१४ च्या १० नोव्हेंबरला केंद्र सरकारने 'जीवन प्रमाण' सुरू केले. अंगठा यंत्रावर ठेवला की काम व्हावे. पुढे सत्तर रुपये घेऊन पोस्टमन घरी येऊ लागला. २०२१ पासून मोबाइलसमोर चेहरा दाखवूनही दाखला मिळू लागला. हे सारे चांगलेच आहे. पण गुरुजींचा अंगठा घासून गुळगुळीत झालेला. यंत्राला तो ओळखू येईना. मोबाइलने पापणी मिटायला सांगितले, तर मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले डोळे मिटले ते लवकर उघडेनात. अखेर गेल्या वर्षी मीच त्यांना घेऊन बडनेऱ्याहून गाडीने, मूर्तिजापूरमार्गे, अकोल्याला गेलो.

बँकेतल्या कारकुनाने सही पाहिली, गुरुजींकडे पाहिले, पुन्हा सही पाहिली आणि म्हणाला, "ही जुळत नाही." हात थरथरतो, सही कशी जुळणार? दोन तासांनी साहेब आले आणि मग गुरुजी जिवंत ठरले. बाहेर पायरीवर टेकून ते मला म्हणाले, "अरे, तीस वर्षं मी पोरांच्या नावापुढे 'हजर' मांडलं. वर्गात समोर बसलेल्या पोराला कधी दाखला नाही मागितला."

या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

तरी गुरुजी भाग्यवानच. त्यांची पेन्शन हा त्यांचा हक्क आहे; पेन्शन ही कोणाच्या मर्जीची खिरापत नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात निक्षून सांगितले, आणि तो दिवस आजही पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो. पण ज्यांना आयुष्यभर मोबदला म्हणून फक्त रोजी मिळाली, त्यांचे काय?

अकोल्याच्या उत्तरेला, पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात माझ्या ओळखीची एक म्हातारी राहते. सारा जन्म लोकांचा कापूस वेचण्यात गेला. तिला श्रावणबाळ योजनेतून मदत मिळते. ही मदत २०२३ साली दरमहा १,५०० रुपये झाली. त्याही वेळी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसलेल्यांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपयेच राहिली. मी कायद्याचा पंडित नव्हे; पण शाळेत त्रैराशिक शिकवतो. २१,००० रुपयांना ३६५ दिवसांनी भागले तर दिवसाला ५७ रुपये आणि वर काही पैसे येतात. म्हणजे रोज ५८ रुपये हाती येणारी म्हातारी आमच्या हिशेबी सधन झाली!

आणि ५७ रुपयांच्या आत आपले पोट आहे, हेही तिनेच सिद्ध करावयाचे. त्यासाठी तलाठ्याचा अहवाल, सेतू केंद्रातला अर्ज, तहसीलदाराचा दाखला. शिवाय वर्षाकाठी हयातीचा कागद. तिचा अर्ज भरून देत असताना तिने मला विचारले, "गुर्जी, मी जिती हाय ना तुमच्या म्होरं? मंग कागद कायले पायजे? अन् माह्याजोळ काई नाई, हे कागदावर कसं दिसन?"

श्रावणबाळाने आंधळ्या आईबापांना कावडीत बसवून तीर्थयात्रेला नेले. आमच्या श्रावणबाळ योजनेत कावड म्हाताऱ्यांच्याच खांद्यावर आहे, आणि तिच्या दोन्ही पारड्यांत कागद भरले आहेत.

निवृत्तीनंतर परदेशी जाऊन राहणाऱ्यांची गोष्ट अशा वेळी मला आठवते. थायलंडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी माणसाला निवृत्तीचा व्हिसा मिळतो. पण त्यासाठी दरमहा ६५,००० बाहत उत्पन्न, नाही तर बँकेत ८,००,००० बाहत ठेव दाखवावी लागते, आणि ते दरसाल नव्याने दाखवावे लागते. अमेरिका, ब्रिटन व ऑस्ट्रेलिया यांच्या वकिलातींनी उत्पन्नाची पत्रे देणे बंद केले, तेव्हा २०१९ सालापासून तिथल्या कित्येक म्हाताऱ्यांची धांदल उडाली. तरी मी म्हणतो, ते राज्य परके, माणूसही परका. त्याने विचारावे, याने सांगावे. पण याच मातीत जन्मलेल्या, इथला कापूस वेचून कंबर वाकलेल्या बाईलाही आपण दरसाल व्हिसाच मागत नाही काय? फरक एवढाच, की तिकडे पुरेसे आहे हे दाखवावयाचे, आणि इकडे काहीच नाही हे.

यावर शहाणी माणसे म्हणतील, "अहो गुरुजी, मेलेल्यांच्या नावावर पैसे उचलणारे लोक आहेत, त्याचे काय?" आहेत, त्यांना खुशाल शिक्षा करा. पण मेलेला माणूस शोधण्यासाठी सगळ्या जिवंतांची झडती कशाला? १९६९ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक मृत्यूची माहिती २१ दिवसांच्या आत द्यावयाची असते. ग्रामपंचायतीत नोंद होते, नगरपालिकेत होते. त्या कायद्यात दुरुस्ती होऊन १ ऑक्टोबर २०२३ पासून साऱ्या देशाच्या जन्ममृत्यूंची एकत्र नोंद ठेवण्याची तरतूदही झाली आहे. म्हणजे चित्रगुप्ताची वही सरकारच्याच कपाटात आहे! ती उघडून पाहण्याचे काम कचेरीचे. ते ऐंशी वर्षांच्या गुडघ्यांवर का?

एस.टी.चा कंडक्टर पाहा. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे. कंडक्टर कार्ड पाहतो, शून्य रुपयांचे तिकीट फाडतो आणि म्हणतो, "बसा आजी." कचेरीला जे साधत नाही ते धावत्या गाडीत साधते.

माझे मागणे मोठे नाही. ज्याच्या मृत्यूची नोंद नाही त्याला जिवंत धरा. शंका आली, तर तिच्या निरसनासाठी कचेरीने म्हाताऱ्याच्या दारी जावे, आणि तोवर त्याचा पैसा थांबवू नये. एकदा गरीब ठरलेल्या सत्तरीच्या बाईला पुन्हा गरिबी सिद्ध करावयास लावू नये. त्या वयात कोणी कापूस वेचून श्रीमंत होत नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोवर, वाचकहो, फराळाचे ताट शेजारी पोचवाल तेव्हा त्या घरातल्या आजी-आजोबांना एवढे विचारा : "दाखला झाला का? नसेल तर मी येतो बरोबर." यमाचा दिवा आपण उंबऱ्याबाहेर ठेवतोच. यंदा एक दिवा रांगेत उभ्या असलेल्या जिवंत माणसांसाठीही ठेवावा.