पावाचा दुसरा जन्म

सुरतेला खायला जाणाऱ्याने नानपुऱ्यातल्या दोटीवाला बेकरीसाठी पोटात जागा राखावी. फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थांकडे डचांच्या भट्ट्या आल्या, आणि त्या काळी पीठ फुगवायला ताडी वापरत, असे सांगतात. डच गेले, पावाचे गिऱ्हाईक आटले. शिळा पाव हवेने वाळून कडक झाला, आणि लोकांना तोच आवडू लागला. म्हणून पुढे मुद्दामच तसा भाजला जाऊ लागला, तोच सुरती बताशा! आपल्या बटराचा हा चुलतभाऊ, जिऱ्याचा, खुसखुशीत. चहात बुडवल्यावर क्षणभरच थांबावे, नाहीतर तळाशी बसतो. नानखटाईही याच भट्ट्यांची लेक मानतात. सकाळी लोचो मात्र गाडीवरच खावा: वाटलेल्या हरभरा डाळीचा, वाफवलेला, खमणापेक्षा मऊ आणि पसरट, वरून तेल, शेव, कच्चा कांदा आणि हिरवी चटणी. थंड झाला की त्यातली सारी मजा गेली. जमल्यास कोजागिरीनंतर लगेच येणारा चंदनी पडवा गाठा. त्या दिवशी सुरतकर मावा, सुकामेवा आणि तुपाच्या थराची घारी, सोबत भुसू म्हणजे फरसाण घेऊन उघड्यावर जेवायला बसतात. सुरतेच्या उधना-लिंबायतमधल्या खानदेशी घरांनी सुट्टीला गावी येताना आमच्यासाठी घारीचा डबा जरूर आणावा.