हिरण्यकेशीच्या गुहेत जाताना

पावसाळा लागला की मालवणच्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, सिंधुदुर्ग किल्ल्याकडची प्रवासी वाहतूक थांबते आणि समुद्रावर पोट असलेली घरे हात आखडता घेतात. नेमक्या त्याच दिवसांत दाणोलीवरून आंबोलीचा घाट चढणाऱ्या गाड्यांची रांग लागते. एरवी पाहुण्यांना समुद्र दाखवणारे मालवणकरही एखादा रविवार गाठून मुलाबाळांसह डोंगर पाहायला निघतात.

सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतर किनाऱ्याची कीर्ती दूरवर गेली. डोंगराच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा आली ती घाईघाईची भेट. धबधब्याखाली भिजायचे, गरम भजी खायची, फोटो काढायचे आणि अंधार पडण्यापूर्वी घाट उतरायचा. आंबोली गावापासून थोड्याच अंतरावर हिरण्यकेशीचे देऊळ आहे, त्याला लागून गुहा आहे आणि त्या गुहेच्या पोटातून नदी जन्म घेते. तिथवर पोचलेल्या कुटुंबातले एखादे पोर हमखास विचारते, "आजये, ह्या पाणी खंय जाता?"

आजी सहज म्हणेल, "आपल्या दर्याक, आणखी खंय?" पण तसे नाही. पश्चिमेकडे अरबी समुद्र इतका जवळ असूनही ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवते. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करीत ती घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. भूगोलाचा असा धडा कुठल्या वर्गात मिळणार?

याच पाण्यात एक लहानसा मासा राहतो. २०२० साली शास्त्रज्ञांनी त्याची नवी जात म्हणून नोंद केली आणि नदीवरूनच त्याला 'शिस्तुरा हिरण्यकेशी' हे नाव दिले. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, राज्य सरकारने इथली २.११ हेक्टर जागा जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केली. लांबी जेमतेम बोटाएवढी, वस्ती तळाच्या खडीगोट्यांत, आणि त्याच्यासाठी सरकारी अधिसूचना! कौतुकाची गोष्ट खरीच.

पण अधिसूचना म्हणजे राखण नव्हे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने वारसा स्थळ ठरवण्याचा अधिकार सरकारला दिला असला, तरी तो वारसा टिकतो तो रोज तिथे येणाऱ्या माणसाच्या वागण्यावर. अंगाला साबण लावून कुंडात उतरणारा, गुहेच्या तोंडाशी वेष्टने टाकणारा, मुलांना तळ ढवळू देणारा गृहस्थ दुष्ट नसतो. त्याला कोणी सांगितलेलेच नसते. मोठ्या नदीत मूठभर फेस वाहून जातो. उगमाच्या चिमुकल्या कुंडात तोच फेस सगळ्या वस्तीवर पसरतो.

गुहेला तर गर्दीचा श्वासही सोसत नाही. फ्रान्समधील लास्को गुहेतील आदिमानवाची चित्रे १९४० साली सापडली, १९४८ मध्ये लोकांसाठी खुली झाली आणि पंधरा वर्षांतच, १९६३ मध्ये, गुहेचे दार बंद करावे लागले. पाहणाऱ्यांच्या उच्छ्वासातला वायू आणि दमट हवा यांनी भिंती बिघडू लागल्या होत्या. १९८३ मध्ये शेजारी हुबेहूब प्रतिकृती उभारावी लागली. चित्रांची नक्कल करता आली. जिवंत माशाची कशी करणार?

म्हणून हिरण्यकेशीला कुलूप लावा, असे कोणी म्हणू नये. तिथे श्रद्धेने येणाऱ्यांचा हक्क जुना आहे, आणि पावसाळी पर्यटकांवर आंबोलीतल्या कितीतरी चुली पेटतात. मार्ग मधला आहे. दर्शन कुंडाच्या काठावरून घ्यावे, स्नानाचा मोह उगमाजवळ आवरावा, गुहेकडे एका वेळी थोडेच लोक सोडावेत आणि सोबत गावातलाच जाणकार असावा. त्याने माहिती द्यावी आणि तिचा मोबदला गावात राहावा. मालवणात स्कूबासाठी समुद्रात उतरणारा पाहुणा सोबतच्या वाटाड्याचा शब्द मुकाट्याने ऐकतो आणि त्याचे पैसेही देतो. डोंगरातच आपल्याला सगळे फुकट आणि बेशिस्त का हवे?

पर्यटन जिल्ह्याचे यश आजवर किती गाड्या आल्या यावर मोजले गेले. परतणाऱ्या गाडीतले मूल काय शिकून गेले, हेही कधीतरी मोजायला हवे. पुढच्या पावसाळ्यात घाट चढाल तेव्हा धबधब्यातला एक तास वाचवून हिरण्यकेशीला द्या. साबण गाडीतच ठेवा. नातवाने पाण्याची वाट विचारलीच, तर आजीने खरे उत्तर द्यावे आणि तळाशी कोण राहतो, तेही सांगावे. त्याच्या नातवालाही तो मासा तिथेच दिसायला हवा.