पालीची तहान आणि पेटीचा दोष

पाल दिसली की आपल्याकडे केरसुणी उगारली जाते. तरीही तिला हौसेने पाळणारी माणसे आता आहेत आणि त्यांत शाळकरी मुलेही आहेत. कोणी विकत घेतलेला 'लेपर्ड गेको', म्हणजे बिबट्यासारख्या ठिपक्यांची पाल, काचेच्या पेटीत ठेवतो. कोणी भिंतीवरचीच पाल धरून बरणीत कोंडतो. अशा बंदिवान पालींना भुकेच्या आधी गाठते ती तहान. शरीरातील पाणी घटत जाते आणि पाहणाऱ्याला मात्र 'पाल शांत बसली आहे' एवढेच दिसते. माझे म्हणणे असे आहे की, ही तहान बहुतेक वेळा पालीचा आजार नसतो. तो पेटीचा दोष असतो. म्हणून उपचारही पेटीपासूनच सुरू झाला पाहिजे.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील सुपा हे गाव घ्या. पुण्याहून अहिल्यानगरला जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. भोवती माळराने, हवा कोरडी, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या आसपास. तरीही तेथील घरांच्या भिंतींवर पाली सुखाने नांदतात. त्या कशा तग धरतात?

एक तर त्यांची खवलेदार त्वचा पाणी सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. दुसरे, आपल्याप्रमाणे पातळ लघवीवाटे त्या पाणी दवडत नाहीत. शरीरातील निरुपयोगी नत्रयुक्त द्रव्ये त्या यूरिक आम्लाच्या रूपाने, पांढऱ्या घट्ट गोळीसारखी टाकतात. पालीच्या काळ्या विष्ठेला चिकटलेला पांढरा ठिपका तो हाच. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे: पालीला जागा निवडता येते. दुपारी ती भिंतीच्या फटीत, माठामागे किंवा मोरीच्या कोपऱ्यात शिरते. रात्री गारवा आला की बाहेर पडते, थेंब चाटते, किडे खाते. किड्यांच्या शरीरातले पाणीही तिला मिळते. बरणीत कोंडली की तिची त्वचा तीच राहते, मूत्रपिंडेही तीच राहतात. जाते ती फक्त निवड. आणि तिच्यावाचून बाकीच्या दोन सोयी अपुऱ्या पडतात.

कोणी म्हणेल, "लेपर्ड गेको मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातील कोरड्या भागातला. त्याला सुप्याची हवा का मानवू नये?" येथेच मोठी गफलत होते. कोरड्या प्रदेशातला प्राणी म्हणजे कोरड्या हवेत राहणारा प्राणी नव्हे. ही पाल दिवसभर दगडाखाली किंवा बिळात असते आणि तेथील हवा बाहेरच्यापेक्षा गार व दमट असते. न्यू कॅलेडोनिया बेटावरील क्रेस्टेड गेको तर दमट जंगलातला प्राणी. त्याला आपल्या उन्हाळ्यातली हवा सोसणे आणखी अवघड. नाव एकच 'गेको', पण प्रत्येकाच्या गरजा वेगळ्या.

पालीला शोष पडला आहे हे ओळखायचे कसे? डोळे खोल गेलेले दिसतात. कातडी सुरकुतते आणि हलकेच उचलून सोडल्यास लवकर पूर्ववत होत नाही. मात्र लेपर्ड गेकोची कातडी मुळातच सैल असते, म्हणून एवढ्या एकाच खुणेवर विसंबू नये. तोंडातली लाळ चिकट, तारेसारखी होते. विष्ठा सुकी येते आणि पांढरा भाग पिवळट व खडूसारखा कडक होतो. कात नीट निघत नाही. तिचे तुकडे बोटांभोवती राहिले, तर ते आवळून बोट झडूही शकते. पाल सुस्त होते, खाणे सोडते. यांतल्या दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या की मनात शंकेची पाल चुकचुकलीच पाहिजे! दर आठवड्याला पालीचे वजन करून वहीत लिहिले, तर ही शंका आणखी लवकर येईल.

हयगय केल्यास काय होते तेही समजून घ्या. पाणी कमी पडले की मूत्रपिंडांना यूरिक आम्ल बाहेर टाकता येत नाही. मग त्याचे स्फटिक सांध्यांत आणि खुद्द मूत्रपिंडांत साचू लागतात. ही हानी पुढे पाणी पाजून भरून निघत नाही.

लक्षणे सौम्य असतील तर उपाय साधे आहेत. पसरट भांड्यात कोमट पाणी घ्यावे. ते पालीच्या कोपरांच्या वर जाता कामा नये. त्यात तिला १५ ते २० मिनिटे ठेवावे आणि तेवढा वेळ समोरून हलू नये. नाकाच्या टोकाशी एखादा थेंब ठेवावा, म्हणजे ती आपण होऊन चाटते. तोंड उघडून पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. दूध, साखरपाणी, मीठपाणी देऊ नये. त्याच दिवशी पेटीही सुधारावी: एक बाजू उबदार तर दुसरी गार हवी, उथळ वाटीत रोज ताजे पाणी हवे आणि ओलसर कापड घातलेली, लपण्याजोगी एक डबी हवी. पण डोळे खोल गेले असतील, पाल मान उचलत नसेल, किंवा दिवसभरात फरक पडत नसेल, तर पशुवैद्याकडेच जावे. ते कातडीखाली सुईने द्रव देतात आणि जंत किंवा मूत्रपिंडाचा विकार तर नाही ना, हेही पाहतात.

आता शिक्षकांना एक विनंती. "प्राणी पाळल्याशिवाय निरीक्षण कसे होणार?" असा प्रश्न रास्त आहे, पण शाळेच्या व्हरांड्यातल्या दिव्याखाली रोज संध्याकाळी पाली आपण होऊन हजेरी लावतात. त्यांच्यासाठी बरणी लागत नाही. पालीचा निवारा काय करतो हे दाखवायला एक सोपा प्रयोग पुरे आहे. दोन सारख्या वाट्यांत ५०-५० मिलिलिटर पाणी घ्या. एक वाटी व्हरांड्यात उघडी ठेवा, दुसरी शेजारीच पालथ्या मडक्याखाली. संध्याकाळी मोजपात्राने दोन्हींतले पाणी मोजा. जो फरक दिसेल, त्याच फरकावर माळरानातले कितीतरी जीव उन्हाळा काढतात.

रानातली पाल तर घरी आणूच नये. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अनेक सरपटणाऱ्या प्राण्यांना पकडणे गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने, आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेले परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधनही आले आहे. शिवाय खेड्यापाड्यांत पशुवैद्याचा हात गाई-म्हशी आणि शेळ्यांवर बसलेला असतो. पालीवर उपचार करणारा जाणकार शोधायला अनेकदा मोठे शहर गाठावे लागते. म्हणून पाल विकत घेण्याआधी तीन गोष्टींची उत्तरे तयार ठेवा: मे महिन्यात पेटी गार कशी राहील, सुट्टीत पाणी कोण बदलेल आणि रात्री पाल आजारी पडली तर कोणाकडे न्याल? यांपैकी एकाचेही उत्तर देता आले नाही, तर पेटी रिकामी ठेवावी. कुत्रा तहानला की भांडे वाजवतो, गाय हंबरते. पाल काहीच सांगत नाही. तिच्या वतीने विचार करण्याची ज्याची तयारी आहे, त्यानेच तिला घरी आणावे.