मेंदूच्या पाटाला पडलेली खांड

खडकवासल्याहून निघालेला नवा मुठा उजवा कालवा यवत, वरवंड, पाटस असा वळसे घेत इंदापुराकडे जातो. त्याच्या काठी ज्यांची हयात गेली त्या दौंडकरांना, आणि चासकमानच्या वा घोडच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसणाऱ्या शिरूरकरांना, पाण्याचा एक नियम कोणी शिकवावा लागत नाही. कालव्याचे पाणी वितरिकेत, वितरिकेतून चारीत, चारीतून पोटचारीत, तेथून शेताच्या सरीत आणि अखेर निचरा होऊन ओढ्यात, हा क्रम पाळला गेला तरच रान भिजते. तो मोडून कालव्याच्या भरावालाच खांड पडली आणि पाणी थेट ओढ्यात कोसळू लागले, तर दोन अनर्थ एकदम ओढवतात: टेलच्या शेतकऱ्याचे पीक वाळते, आणि संथ निचऱ्यापुरतेच ज्याचे काठ घडले आहेत तो ओढा कालव्याचा जोर न सोसून फुटतो. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत खचली, तेव्हा शेकडो कुटुंबांचे संसार पाहता पाहता चिखलात गेले, हे पुष्कळांना स्मरत असेल.

डॉक्टरमंडळी ज्याला 'एव्हीएम' म्हणतात तो मेंदूचा विकार नेमका याच जातीचा आहे. हृदयातून जोराने निघालेले रक्त धमन्यांतून येते, केसाहूनही बारीक अशा केशवाहिन्यांच्या जाळ्यात त्याचा वेग मावळतो, आणि मग ते नीलांच्या पातळ भिंतींमधून शांतपणे परत फिरते. परंतु काही माणसांच्या मेंदूत, बहुधा जन्मापासूनच, एखाद्या ठिकाणी केशवाहिन्यांचा हा टप्पाच नसतो, आणि धमन्या व नीला परस्परांत गुंतून त्यांचा एक गुंता तयार होतो. या गुंत्यातून रक्तस्राव होण्याचा संभव सर्वसाधारणपणे दरवर्षी शेकडा २ ते ४ एवढा मानला जातो. एका वर्षापुरता हा आकडा किरकोळ वाटेल. पण रुग्ण पुष्कळदा विशी-तिशीतला असतो, आणि पुढची चाळीस वर्षे हा धोका त्याच्या उशाशी बसून असतो.

अशा गुंत्याचे निदान जगभरच्या अनुभवाप्रमाणे लाखात वर्षाकाठी सुमारे एकाचे होते. २०११ च्या खानेसुमारीत शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांची लोकसंख्या मिळून साडेसात लाखांवर होती. म्हणजे या हिशेबाने भीमेच्या दोन्ही तीरांवर दरसाल सात-आठ घरांत हा प्रश्न उभा राहावा. त्यांतील किती घरांत तो वेळीच ओळखला जातो, हीच माझी चिंता आहे.

दौंड स्थानकावर सकाळी पुण्याच्या गाडीची वाट पाहणाऱ्या गर्दीत, मांडीवर मोठी पिशवी आडवी धरून बसलेले एखादे जोडपे हमखास दिसते. पिशवीत स्कॅनच्या फिल्म असतात, आणि त्या दुमडू नयेत म्हणून मध्ये वर्तमानपत्राची घडी घातलेली असते. अशाच एका प्रवासात शेजारी बसलेल्या एका माउलीने मला आपल्या मुलाची हकीकत सांगितली. तेविसाव्या वर्षी, उसाला पाणी धरताना, त्याला पहिली फिट आली. जमलेल्यांनी नाकाशी कांदा धरला, मग देवऋषी झाला, मग फिटच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि त्या गोळ्यांवर तीन वर्षे गेली. चौथ्या वर्षी डोके फुटेल अशी कळ येऊन तो बांधावरच कोसळला. "दादा, डोक्याचा फोटो काढा असं कुणी म्हटलंच नाही बघा," असे ती म्हणाली. त्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मला अधिक बोचले.

उपचाराची विद्या तर आज चांगलीच परिपक्व झाली आहे. लिस्बनच्या एगाश मोनिश यांनी १९२७ साली मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्र क्ष-किरणांनी प्रथम टिपले, आणि १९६० साली अमेरिकेत लुसेनहॉप व स्पेन्स यांनी मानेतल्या धमनीतून प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्या सोडून असा गुंता बुजविण्याचा प्रयत्न केला. मुंबईत ही विद्या रुजविण्यात डॉ. अनिल कारापूरकर यांच्यासारख्या निष्णातांचा वाटा मोठा आहे. आता कवटी न उघडता, जांघेतल्या धमनीतून एक लवचीक नळी वर नेतात, तिच्यातून धाग्यासारखी दुसरी नळी गुंत्याच्या तोंडाशी पोहोचवितात, आणि तेथे औषधी गोंद सोडतात. यालाच एम्बोलायझेशन म्हणतात. एक गोंद फेव्हीक्विकच्या कुळातला. तो रक्त लागताच काही क्षणांत घट्ट होतो, आणि क्ष-किरणांत दिसावा म्हणून खसखशीच्या तेलापासून केलेल्या आयोडीनयुक्त द्रवात मिसळून देतात. दुसरा 'ओनिक्स', टँटलमच्या भुकटीने काळाकुट्ट झालेला; तो थेंबाथेंबाने, मध्ये मिनिटामिनिटाचा विसावा घेत, पुढे सरकवावा लागतो. त्याच्या द्रावकामुळे रुग्णाच्या श्वासाला दोन दिवस लसणासारखा वास येतो, आणि आधी सांगितलेले नसेल तर घरची माणसे त्याने घाबरून जातात.

खांड बुजविणाऱ्या पाटकऱ्याला जे ठाऊक असते तेच येथे कसोटीला लागते. केवळ वरच्या अंगाला पाणी अडविले, तर ते दुसऱ्या वाटेने त्याच खांडीकडे धावते. म्हणून गोंद गुंत्याच्या गाभ्यातच मुरावा लागतो. उलट तो पुढे निसटून नीलेचे तोंड आधी बुजले आणि मागून रक्ताचा लोंढा चालूच राहिला, तर गुंता तिथल्या तिथे फुटतो. पुष्कळदा हे काम एका बैठकीत आटोपतही नाही, आणि एकट्या गोंदाने गुंता समूळ नाहीसा होणे हा नियम नसून अपवाद आहे. बहुधा तो शस्त्रक्रियेची अथवा किरणोपचाराची पूर्वतयारी असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, प्रत्येक गुंत्याला हात लावलाच पाहिजे असेही नाही. न फुटलेल्या गुंत्यांविषयी नऊ देशांत झालेल्या 'अरुबा' या चाचणीत २२३ रुग्णांचा सरासरी ३३ महिने मागोवा घेतला गेला. केवळ औषधांवर ठेवलेल्यांपैकी शेकडा १० जणांना, तर गुंत्यावर हस्तक्षेप केलेल्यांपैकी शेकडा ३० हून अधिक जणांना, पक्षाघात अथवा मृत्यू आला. मागोव्याचा काळ अल्प होता, हा तिच्यावरचा आक्षेप मला रास्त वाटतो. तरीही, ज्याचा गुंता कधी फुटलेला नाही अशा रुग्णाला हा आकडा त्याच्या भाषेत सांगितल्यावाचून संमतिपत्रावर त्याचा अंगठा वा सही घेणे मी अन्यायाचे मानतो. एकदा रक्तस्राव होऊन गेलेल्याची गोष्ट वेगळी. तेथे दिरंगाई परवडत नाही.

म्हणून दौंडात वा शिरूरला कॅथलॅब उभारा, असा माझा आग्रह मुळीच नाही. हे नाजूक काम जेथे ते नित्य चालते त्या पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांतच व्हावे. तालुक्याने करावयाचे काम निराळे, आणि तुलनेने स्वस्त आहे: संशय घेणे, डोक्याचे स्कॅन करविणे, आणि रुग्णाची रवानगी कोठे व कोणाकडे करावयाची याचा लेखी बंदोबस्त ठेवणे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची तरतूद आता झाली आहे. परंतु शिधापत्रिका, दाखले आणि मंजुरी यांचे दप्तर प्रत्येक बैठकीच्या वेळी नव्याने उघडावे लागू नये, एका गुंत्याचे सर्व टप्पे एकाच प्रकरणात मंजूर व्हावेत, एवढी तजवीज सरकारने अवश्य करावी. न्हावऱ्याहून चौफुल्याला येऊन पुण्याची एस.टी. धरणाऱ्या शेतमजुराची बुडालेली रोजंदारी कोणत्याच योजनेच्या हिशेबात धरली जात नाही.

शिरूरचे ग्रामीण रुग्णालय, दौंडचे उपजिल्हा रुग्णालय आणि दोन्ही तालुक्यांतील खाजगी दवाखाने यांना माझी कळकळीची विनंती आहे: तरुण वयात पहिली फिट आलेल्या, किंवा एकाएकी कधी नव्हे इतके डोके दुखू लागलेल्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर, गोळ्यांच्या नावांच्या वर, डोक्याचे स्कॅन केव्हा व कोठे करावयाचे ते तारखेसह लिहावे, आणि ती तारीख उलटून गेली तर त्याच्या घरी आशाताईंना पाठवून चौकशी करावी.