कुमसार, कौल आणि समुपदेशकाची खुर्ची

आपल्या मराठी मनाची एक गंमत आहे. ठाण्याच्या आयपीएचचे डॉ. आनंद नाडकर्णी अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धती समजावताना गीता आणि संतवाङ्मय हाताशी घेतात, तेव्हा आपण माना डोलावतो. योग्यच आहे ते. एलिस पक्का नास्तिक होता, पण त्याचा विचार इथल्या माणसाला ओळखीच्या शब्दांतून लवकर कळतो. आता हेच एखाद्या ख्रिस्ती समुपदेशकाने करून पाहावे. नवरा गेल्यावर 'देवाने मला टाकले' म्हणत बसलेल्या ख्रिस्ती बाईला त्याने आठवण करून द्यावी की, बायबलात देवाशी भांडणारी, त्याला जाब विचारणारी स्तोत्रे पुष्कळ आहेत आणि तीही प्रार्थनाच आहेत. झाले! लगेच आपल्या भुवया वर. हा उपचार की धर्मप्रसार?

आपला तुकोबा म्हणजे संस्कृती आणि त्यांचा दावीद म्हणजे प्रचार, हे गणित मला काही पटत नाही.

गोव्यात ही शंका कुजबुजीपुरती असते. शिंद्यांच्या ग्वाल्हेरात तिला कायद्याची धार आहे. मध्य प्रदेशात नियोगी समितीने १९५६ च्या अहवालात वैद्यकीय सेवेचा धर्मांतरासाठी वापर करण्यावर बंदी सुचवली होती. १९६८ साली धर्मस्वातंत्र्य कायदा आला, २०२१ साली त्याच्या जागी आणखी कडक कायदा आला. त्या शहरात १९९९ पासून कॅथलिक धर्मप्रांत आहे. तिथल्या ख्रिस्ती समुपदेशकाने येशूचे नाव काढण्याआधी दहादा विचार केला तर नवल नाही. शंकेचे मूळ मला मान्य आहे. दुःखात बुडालेला माणूस मिळेल तो हात धरतो, आणि अशा माणसाला हवे तिकडे ओढून नेणे फार सोपे. पण मग हीच शंका आपल्या घाड्याला, ज्योतिषाला, गुरुवारच्या बाबालाही लावा ना!

'श्रद्धा बाहेर ठेवा, नुसते शास्त्र पुरे' असे म्हणणाऱ्यांनी ग्वाल्हेरच्या मानसिक आरोग्यशाळेची गोष्ट वाचावी. १९३५ पासूनची ही संस्था. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाला आग्रा आणि रांचीबरोबर तिच्यावरही देखरेख ठेवण्याचे काम राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवावे लागले. तिथे काही देवभोळेपणा आड आला नव्हता, संस्था सरकारीच होती. आणि 'श्रद्धाच पुरे' म्हणणाऱ्यांसाठी तमिळनाडूतले एरवाडी आहे. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका खासगी निवाऱ्याला आग लागली. साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण पळणार कुठे? २८ जीव गेले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने मात्र १९५७ साली मानसोपचार केंद्र काढले ते रुग्णाबरोबर घरच्या माणसानेही राहायचे, या पद्धतीवर. मिशनचे रुग्णालय, पण औषध ते औषध आणि प्रार्थना ती प्रार्थना.

आता दुसऱ्या बाजूचे कान धरू. नैराश्य म्हणजे विश्वास कमी पडला, गोळ्या घेणे म्हणजे देवावर भरवसा नसणे, असे सांगणारे 'ख्रिस्ती समुपदेशक' आहेत, आणि ते घाड्यापेक्षा जास्त नुकसान करतात. घाडी निदान दोष भुतावर टाकतो, हे तो रुग्णावरच टाकतात! खोल नैराश्यात माणसाला न केलेल्या पापांचीही खात्री वाटते. अशा माणसाला 'पश्चात्ताप कर' म्हणणे हा क्रूरपणा आहे.

हे त्यांना त्यांच्याच परंपरेने शिकवायला हवे होते. जुन्या गोव्यात ज्यांचे शव आहे त्या फ्रान्सिस झेवियरचे सोबती इग्नेशियस लोयोला १५२२ साली मान्रेसा गावी होते. केलेली पापे पुन्हा पुन्हा आठवायची, कुमसार करून झाला तरी काही राहून गेल्यासारखे वाटायचे, की परत कुमसार. जीव देण्याचे विचार येऊ लागले. आपल्याकडे याला मंत्रचळ म्हणतात. प्रार्थना, उपास, सगळे करून झाले. सुटका झाली ती कधी? जुन्या पापांचा कुमसार यापुढे करायचाच नाही, असे त्यांनी ठरवले तेव्हा. हात धुण्याची तीव्र इच्छा झाली तरी धुवायचे नाहीत, हा आजच्या मंत्रचळावरच्या उपचाराचा गाभा, आणि हे त्याच्या फार जवळ जाते.

आणि आपला कांदोळीचा आबे फारिया! पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी बाईवर हात रोखून उभा असलेला तो पुतळा पाहून पर्यटक भलतेच काही समजतात. १७५६ चा जन्म, पेशाने पाद्री. पॅरिसमध्ये त्याने दाखवले की संमोहनाची झोप मेस्मरच्या चुंबकीय द्रवाने येत नाही, सैतानही ती आणत नाही, तिचे कारण झोपणाऱ्याच्या मनातच असते. धर्ममार्तंडांनी त्याला सैतानी ठरवले, नाटकवाल्यांनी टर उडवली. १८१९ साली पुस्तक आले, त्याच वर्षी तो वारला. झगा त्याने उतरवला नाही आणि अनुभवाशी खोटेपणाही केला नाही.

माझी कसोटी साधी आहे. खोलीत श्रद्धा येवो, पण ती रुग्णाची. समुपदेशकाची श्रद्धा दाराबाहेर चपलांजवळ राहू दे. रुग्ण स्वतःहून म्हणाला, 'मंगेशीला कौल लावला, उजवा आला, तरी भीती जात नाही', तर त्या कौलाबद्दल आदराने बोलावे. न विचारता बोलू नये. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही सांगतो की, समाजाच्या धार्मिक समजुती न मानणे हा मनोविकार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही. साखळदंडांनाही त्यात साफ बंदी आहे.

राहता राहिला तो पाद्री, जो समुपदेशनाचे प्रशिक्षण घेऊन दोन्ही कामे करतो. त्याने खुर्च्या तरी दोन ठेवाव्यात! कुमसारात ऐकलेले कधीही फोडायचे नाही, ही चर्चची आज्ञा. समुपदेशनात एखाद्या मुलावरचा लैंगिक अत्याचार कळला, तर पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक. आपण आज कुठल्या खुर्चीत बसलो आहोत, हे समोरच्याने तोंड उघडण्याआधी त्याला सांगितले पाहिजे.