मुका मार आणि सोनोग्राफीची साक्ष



आमच्या एका स्नेह्यांचा नऊ वर्षांचा मुलगा सायकलवरून पडला. हँडलचे टोक उजव्या बरगड्यांखाली जोरात लागले. बाहेर जखम नव्हती. केवळ मुका मार. रुग्णालयातील पहिल्या सोनोग्राफीत काहीही आढळले नाही. तरीही डॉक्टरांनी त्याला घरी सोडले नाही. पोटदुखी वाढू लागली, तेव्हा सीटी स्कॅन झाला आणि यकृताला चीर गेल्याचे दिसले.

“मग सोनोग्राफी चुकली का?” असे त्याच्या आईने मला विचारले. मी वैद्य नव्हे, संगणक अभियंता आहे. परंतु चाचणीने जे तपासलेच नाही, त्याविषयी ती ग्वाही देत नाही, हे माझा व्यवसाय मला रोज शिकवतो.

अपघातानंतरच्या या सोनोग्राफीला ‘फास्ट’ म्हणतात. ती खाटेपाशीच काही मिनिटांत होते. यकृत व उजवे मूत्रपिंड यांमधील फट, प्लीहेचा परिसर, ओटीपोट आणि हृदयाभोवतालचे आवरण अशा चार जागी ती सांडलेले रक्त शोधते. यकृताची चीर शोधणे हा तिचा मुख्य हेतू नव्हे. रक्त सुमारे २०० मिलिलिटरपेक्षा कमी असेल, किंवा यकृताच्या आवरणाखालीच साकळले असेल, तर ते सहज निसटते.

म्हणून ही चाचणी निरुपयोगी ठरत नाही. रक्तदाब कोसळत असताना पोटात रक्त दिसले, तर रुग्णास तातडीने शस्त्रक्रियेसाठी नेता येते. प्रकृती स्थिर असेल, तर शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन केलेला सीटी स्कॅन इजेची खोली दाखवतो; त्यावरून तिची १ ते ५ अशी श्रेणी ठरते. स्थिर रुग्णांपैकी बहुतेकांना शस्त्रक्रिया लागतही नाही. विश्रांती व सक्त देखरेख पुरते. हा मुलगाही तसाच बरा झाला.

परक्या देशात डॉक्टरांना प्रश्न विचारताना आपण संकोचतो. तो संकोच येथे महाग पडू शकतो. “सोनोग्राफी नॉर्मल आहे” असे कळल्यावर, “पुन्हा तपासणी केव्हा? सीटीची गरज आहे का?” असे अवश्य विचारावे. घरी आल्यावर पोटदुखी वाढली, उजवा खांदा विनाकारण दुखू लागला, चेहरा फिका पडला किंवा चक्कर आली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.