पहिल्या वर्षाचा खड्डा आणि नवोपक्रमाचा निधी

'नवोपक्रम' हा शब्द हल्ली फार स्वस्त झालाय. दरवर्षी टेक फेस्टला आपण रोबो पळवतो, ड्रोन उडवतो, बिबट्याची चाहूल लागली की भोंगा वाजवणारं यंत्र मांडतो. पाहुणे येतात, फोटो निघतात, सर्टिफिकेटं वाटली जातात. या सगळ्याला कॉलेज पैसा देतं आणि तो द्यायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच आठवड्यात नोटीस बोर्डावर पहिल्या वर्षाचा निकालही लागलेला असतो. एम-वन, मेकॅनिक्स आणि ग्राफिक्स या तीन रकान्यांत लाल शाईचा नुसता सडा! त्या बोर्डापुढं मान खाली घालून उभ्या असलेल्या पोराला पास करण्यासाठी आपण आजवर किती 'नवोपक्रम' केले? माझं म्हणणं एवढंच आहे, की कॉलेजच्या नवोपक्रमाच्या निधीतला निदान एक हिस्सा याच कामासाठी राखून ठेवावा.

नापास होणारी मुलं डोक्यानं कमी असतात, हा हॉस्टेलच्या कट्ट्यावरचा आवडता समज. तो जरा तपासून बघा. आपल्या जुन्नर-आंबेगावचे सरळ दोन भाग पडतात. पूर्वेला नारायणगावचा टोमॅटो, मंचरचा कांदा, ऊस, द्राक्षं आणि कालव्याचं पाणी. पश्चिमेला सह्याद्रीचे डोंगर, भातखाचरं, हिरडा आणि माणिकडोह-डिंभे धरणांच्या मागची आदिवासी गावं. इकडच्या पोराला ऐन सबमिशनच्या दिवसांत कांदा लागवड आडवी येते. तिकडच्या पोराचं कॉलेज सुरू होतं तेव्हा घरी आवणी चाललेली असते आणि परीक्षा जवळ आली की भातकापणी. दोघंही दहावी-बारावीपर्यंत बहुतेक मराठीतून शिकलेले. पहिल्याच दिवशी सर 'पार्शल डिफरन्शिएशन' म्हणून फळा भरून टाकतात, आणि हे भिडू अजून वाक्याचा कर्ताच शोधत बसलेले असतात!

त्यात जे रोज घरून ये-जा करतात, त्यांची कथा आणखी निराळी. कॉलेज कमी गुण मिळालेल्यांसाठी जादा तास ठेवतं, पण ते ठेवतं संध्याकाळी पाचनंतर. आपण हॉस्टेलवाले चहा पिऊन आरामात जाऊन बसतो. ज्या मुलीला शेवटची एसटी पकडून, फाट्यावर उतरून, उसाच्या कडेनं अंधारात चालत घर गाठायचंय, तिनं काय करायचं? आपल्या भागात उसात बिबट्या असणं ही काही गंमत नव्हे, माणिकडोहला बिबट्यांसाठी वेगळं निवारा केंद्र उगाच नाही उभारलेलं. म्हणजे जादा तासाची सर्वांत जास्त गरज जिला, तीच तिथं गैरहजर. आणि हजेरीपटावर शेरा पडतो : 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद अल्प'.

सरकारी मदत नाही असं मी म्हणत नाही. एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्यांना दोन-तृतीयांश सवलत आहे. डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे, घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. जुलै २०२४ मध्ये आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी घटकांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फीसुद्धा माफ झाली. हे सगळं चांगलंच आहे. पण हा बहुतेक पैसा विद्यार्थ्याला कॉलेजच्या दारापर्यंत आणतो. आत आल्यावर तो टिकावा, पास व्हावा, यासाठीचा पैसा फार थोडा. पहिल्या वर्षी ज्याचं वर्ष गेलं, त्याच्या फी-माफीचा उपयोग काय?

यावर कुणी काही करून पाहिलंय का? पाहिलंय. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीची कम्युनिटी कॉलेजं आहेत. कम्युनिटी कॉलेज म्हणजे आसपासच्या मुलांसाठीचं, दोन वर्षांचं, कमी फीचं कॉलेज. तिथं घरात पहिल्यांदाच कॉलेजात जाणारी, नोकरी करून शिकणारी मुलं पुष्कळ असतात. म्हणजे ढोबळमानानं आपल्यासारखीच. तिथं २००७ मध्ये 'असॅप' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात काय दिलं? पूर्ण वेळ शिकण्याची अट, नेमून दिलेला एक सल्लागार, जादा शिकवणी, पुस्तकं, फीतली उरलेली रक्कम, आणि बस-रेल्वेचा पास! कुठलंही अद्भुत यंत्र नाही. मग चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून दोन गटांची तुलना केली गेली. तीन वर्षांत पदविका पूर्ण करणारे एरवीच्या गटात सुमारे २२ टक्के होते, तर या गटात सुमारे ४० टक्के. दर विद्यार्थ्यामागं खर्च साहजिकच वाढला, पण दर पदवीधरामागं तो उलट कमीच झाला. आपण इंजिनिअर होणार आहोत, तर 'एफिशियन्सी' या शब्दाचा हा अर्थ आपल्याला कळायला हरकत नाही.

आणि न्यूयॉर्क लांब वाटत असेल, तर आपल्या खोडदला जा. जीएमआरटीच्या तीस डिश, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. एवढी मोठी डिश भरीव पत्र्याची केली असती तर वजन वाढलं असतं, वारा अडला असता आणि खर्च आवाक्याबाहेर गेला असता. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारेच्या दोरांवर बारीक स्टीलच्या तारांची जाळी ताणून बसवली. ज्या लांबीच्या लहरी पकडायच्या होत्या, त्यांना जाळी पुरेशी होती. नेमकी गरज ओळखली आणि तेवढंच केलं, नवोपक्रम तो हा! दर २८ फेब्रुवारीला तिथं विज्ञान प्रदर्शन भरतं आणि खेड्यापाड्यांतल्या शाळांची मुलं आपापले प्रयोग घेऊन येतात. त्यांतलीच काही पुढं आपल्या पहिल्या वर्षात येऊन बसतात. त्यांचा उत्साह एम-वनच्या पेपरात कुठं जिरतो, हे शोधणं आपलं काम नाही का?

तर माझी सूचना अशी. कॉलेजनं वर्षाला समजा एक लाख रुपये बाजूला काढावेत आणि दहा-दहा हजारांचे दहा उपक्रम मंजूर करावेत. अर्ज विद्यार्थी, शिक्षक, लॅब असिस्टंट, ग्रंथपाल, रेक्टर, कुणीही करावा. उपक्रम कसले? चार उदाहरणं देतो.

एक : तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं पहिल्या वर्षातल्या सहा जणांना आठवड्यातून चार तास एम-वन मराठीतून समजावून सांगायचं आणि त्याला तासाप्रमाणं मानधन द्यायचं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावानं विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना आहेच, त्याच वाटेवरचं हे पाऊल. कमावणाराही शिकतो आणि समोरचाही.

दोन : ड्राफ्टर, कॅल्क्युलेटर आणि तीन मुख्य पुस्तकं यांची एक पेटी, सत्रापुरती उसनी. सत्र संपलं की परत.

तीन : रेंज नसलेल्या गावांतल्या मुलांसाठी सोडवलेली गणितं आणि आपल्याच सरांची मराठीतली व्याख्यानं पेन ड्राइव्हवर.

चार : जादा तास संध्याकाळी न ठेवता वेळापत्रकात दुपारीच बसवणं, आणि एका एसटीची वेळ अर्धा तास पुढं करावी म्हणून आगारप्रमुखांकडं पाठपुरावा. याला तर दहा हजारसुद्धा लागत नाहीत.

अटी मात्र कडक हव्यात. अर्ज एका पानाचा, निर्णय पंधरा दिवसांत. उपक्रमाआधी युनिट टेस्टला किती पास आणि नंतर विद्यापीठाच्या परीक्षेला किती, हे आकडे दिलेच पाहिजेत. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकाव्यात, म्हणजे वशिलाही नको आणि तुलनाही खरी. जो उपक्रम फसला, त्याचाही अहवाल याच नियतकालिकात छापावा. फसलेला प्रयोग लपवला, तर पुढच्या वर्षी दुसरा कुणीतरी त्याच खड्ड्यात पडतो.

काही जण म्हणतील, 'हे लाड कशाला? आम्ही नाही का रात्र-रात्र जागून पास झालो?' झालात, अभिनंदन! पण रात्रभर जागायला तुम्हाला हॉस्टेलची खोली होती, मेसचा डबा होता आणि शेजारच्या खोलीत विचारायला सीनियर होता. माझा रूम पार्टनर पश्चिम आंबेगावचा. पहिल्या सत्रात तो रोज येऊन-जाऊन करत होता, तेव्हा तीन विषय राहिले. दुसऱ्या सत्रात त्याला हॉस्टेल मिळालं आणि तिन्ही सुटले. पोरगा तोच आणि डोकंही तेच. बदललं होतं फक्त अंतर आणि शेजार. जे त्याला जागा रिकामी झाल्यामुळं नशिबानं मिळालं, ते बाकीच्यांना योजनेनं मिळू नये का?

दुसरा आक्षेप पैशाचा. बाहेरून येणारा निधी एक दिवस थांबतोच. जागतिक बँकेच्या मदतीचा 'टेकिप' कार्यक्रम २०२१ मध्ये संपला, तसंच इतर योजनांचंही होतं. म्हणूनच मी मोठ्या अनुदानाची वाट बघा असं म्हणत नाहीये. गॅदरिंगच्या मंडपाचा, लायटिंगचा आणि डीजेचा खर्च थोडा आवरला, माजी विद्यार्थ्यांना शब्द टाकला, तर हा लाख रुपये आपल्याच घरात सापडेल. थेंबे थेंबे तळे साचे हे आपण निबंधात फार वेळा लिहिलंय, आता जरा वहीबाहेर काढू या.

रोबो पळत राहोत, ड्रोनही उडोत. पण पुढच्या निकालाला त्या बोर्डासमोरची लाल शाई थोडी जरी कमी झाली, तर त्या उपक्रमाला टेक फेस्टचं पहिलं बक्षीस द्यायला माझं मत आत्ताच नोंदवून ठेवा. प्राचार्यांनी आणि विद्यार्थी परिषदेनं या सत्रात निदान दोन उपक्रमांपासून सुरुवात करावी. शिकवायला येणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव माझं लिहा, ग्राफिक्ससाठी.

— तृतीय वर्ष, स्थापत्य